वाडग्याचा तळ आणि हवेची पकड

सावंतवाडीच्या चितार आळीत पुढच्या वेळी जाल तेव्हा एक गोष्ट जरूर करा. लाकडी फळे, पोळपाट-लाटणी, रंगीत पाट बघून झाले, की एखादा कातलेला लाकडी वाडगा हातात घ्या आणि तो पालथा करून बघा. आतून गुळगुळीत, बाहेरून चकचकीत, पण तळाला काय दिसते? बहुतेक वेळा तीन-चार स्क्रूची भोके लांबी भरून बुजवलेली असतात, किंवा पटाशीने ओबडधोबड छाटलेला एक उंचवटा असतो, आणि हे सारे झाकायला वर मखमली कागदाची गोल टिकली चिकटवलेली असते.

तुम्ही म्हणाल, तळ कोण बघतो? घरचा माणूस बघत नाही, हे खरे. पण विकत घेणारा बघतो. आमच्याकडे एक म्हातारे कातारी होते. ते म्हणत, "गिरायक पयलो तळ बगता, मगे रंग." मुंबई-पुण्याचा दुकानदार पन्नास नगांची मागणी देताना वाडगा आधी उलटा करतो, टिकली नखाने उचकटतो आणि तिथेच भाव पाडतो. माल तोच, लाकूड तेच, मेहनत तीच. आणि चार बोटांच्या तळापायी कारागिराच्या हातचे पैसे जातात.

हा तळ असा का राहतो, ते आधी समजून घेऊ. लाटणे लेथवर दोन टोकांत धरता येते. वाडग्याचे तसे नाही. त्याची पोकळी कोरायची तर समोरची बाजू मोकळी हवी, म्हणून लाकूड मागून, म्हणजे तळाकडून धरावे लागते. कोणी लोखंडी फेसप्लेटला स्क्रू मारून धरतो, कोणी गोंदाने ठोकळा चिकटवतो, कोणी तळाला बुंधा ठेवून तो चकमध्ये आवळतो. काहीही करा, काम संपल्यावर पकडीची खूण तळाला उरतेच. ती काढायची तर वाडगा उलटा धरायला हवा. पण आता तो पोकळ आणि गुळगुळीत झालेला. धरायचे कुठे?

यावर जुन्या कातारींचा एक उपाय आहे. लाकडाच्या तुकड्यात वाडग्याच्या काठाच्या मापाची खोबण कातायची आणि त्यात वाडगा ठोकून बसवायचा. उपाय उत्तम, आणि फुकटातला. ज्याला महिन्याकाठी दोन वाडगे करायचे आहेत, त्याने हाच करावा. पुढचे वाचून खर्चात पडू नये. पण पन्नास वाडगे, तेही वेगवेगळ्या मापांचे असतील, तर प्रत्येकासाठी नवी खोबण कातत बसणे परवडत नाही. मग मखमली टिकली येते.

दुसरा उपाय परदेशातले कातारी अनेक वर्षे वापरत आले आहेत. त्याला ते व्हॅक्यूम चक म्हणतात. आपण हवेची पकड म्हणू. नाव नवे वाटले तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. पोटात कळ आली की आजी पोटावर छोटा दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायची, आठवते? दिवा विझला की तांब्या पोटाला असा घट्ट बसायचा की ओढून निघत नसे. तुंबडी लावणारेही हेच करीत. आतली हवा कमी झाली की बाहेरची हवा तांब्याला दाबून धरते. तांब्या पोटाला "ओढत" नाही, बाहेरची हवा त्याला ढकलते. लेथवर तांब्याच्या जागी पाइपाचा एक डबा आणि पोटाच्या जागी उलटा वाडगा, इतकाच फरक.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, चौथीचा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीएवढा असतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. डब्यातली निम्मी हवा काढली, की चौरस सेंटिमीटरमागे अर्धा किलोचा जोर मिळतो. डब्याचे तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटिमीटर आणि जोर ३९ किलो. १५ सेंटिमीटरला ८८ किलो. व्यास दीडपट केला, जोर सव्वादोन पट झाला. उलट ५ सेंटिमीटरच्या तोंडाला जेमतेम १० किलो मिळतात, आणि आडव्या धक्क्याला तर त्यातलाही घर्षणापुरताच भाग उपयोगी पडतो. म्हणून छोट्या वाटीसाठी ही पकड नाही, तिला खोबणच बरी.

हे यंत्र बाहेरून तयार मागवायचे तर त्याची किंमत ऐकून आपला कातारी दोन पावले मागे सरकतो. पण त्यात आहे काय ते उघडून पाहा. हवा ओढणारा पंप, एक नळी, फिरत्या स्पिंडलला स्थिर नळी जोडणारा सांधा, एक डबा, एक कॉक आणि एक गेज. यातली कोणती वस्तू आपल्या गावात मिळत नाही?

पंपापासून सुरुवात करू. आंबोली घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला गेलात, तर गोठ्यागोठ्यांत दूध काढायची यंत्रे दिसतील. हे यंत्र हवा ओढूनच चालते. त्याचा पंप साधारण अर्ध्या वातावरणाची पोकळी देतो, म्हणजे बरोबर आपल्याला हवी तेवढी. शिवाय तो हवा भरपूर ओढतो, आणि आपल्याला तेच महत्त्वाचे आहे, कारण लाकूड म्हणजे काच नव्हे. आंब्याच्या लाकडाच्या छिद्रांतून आणि बारीक चिरांतून हवा सतत आत झिरपते. यंत्र मोठे घेतल्यावर किंवा जनावरे विकल्यावर असे पंप कोपऱ्यात पडून असतात. गोठ्यात चालू असलेल्या पंपाला मात्र हात लावू नका. दुधाची यंत्रणा आणि लाकडाचा भुसा यांची गाठ पडता कामा नये.

दुसरा पर्याय जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा. तो उलटा वापरला, म्हणजे त्याची हवा ओढणारी नळी आपल्याकडे घेतली, की चांगली पोकळी करतो. भंगारात स्वस्त मिळतो. पण त्याच्या तीन खोडी आहेत. तो हवा फार थोडी ओढतो, त्यामुळे झिरपणाऱ्या लाकडापुढे थकतो. दुसरे, फ्रिजमध्ये परत येणारा थंड वायू त्याला गार ठेवतो. इथे ती सोय नाही, म्हणून तो तापतो आणि बाहेरच्या नळीतून तेल थुंकतो. त्याला उभाच ठेवावा, थोडा वेळ चालवून विश्रांती द्यावी, तेल बघत जावे आणि त्याचा रिले व ओव्हरलोड काढून टाकू नये. तिसरी खोड धोक्याची. फ्रिजमधला वायू स्वतः नळी कापून सोडू नका. जुन्या फ्रिजमधला वायू ओझोनच्या थराला मारक, आणि नव्या पुष्कळ फ्रिजमधला तर चक्क ज्वालाग्राही असतो. हे काम फ्रिजच्या मेकॅनिकचे, त्यालाच करू द्या.

काही जण घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडतात. मोठ्या वाडग्याला तो थोडा वेळ धरतोही. पण घरगुती क्लीनरची मोटर आतून जाणाऱ्या हवेनेच गार होते. तोंड बंद केले की ती तापते आणि एक दिवस जळते. स्वस्तात मिळवलेले महागात जाते ते असे.

आता लेथ. हवा ओढायची तर स्पिंडल आरपार पोकळ हवा. आपल्याकडे गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या लेथचा शाफ्ट पुष्कळदा भरीव असतो. तो काढून धातूच्या लेथवर १० मिलिमीटरचे भोक आरपार पाडून घ्या. शाफ्ट कमजोर होईल ही भीती मला पुष्कळांनी बोलून दाखवली. हिशेब सांगतो, २५ मिलिमीटरच्या शाफ्टला १० मिलिमीटरचे भोक पाडले तर पीळ सोसायची त्याची ताकद तीन टक्केसुद्धा कमी होत नाही. कारण ताकद असते ती बाहेरच्या सालीत. बांबू आणि सायकलची नळी पोकळ असून का टिकतात, ते आठवा.

स्पिंडलच्या मागच्या टोकाला फिरता सांधा बसवायचा. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले ६००० नंबरचे बेअरिंग घ्या. त्याचे आतले भोक १० मिलिमीटरचे आणि बाहेरचा व्यास २६ मिलिमीटर. नायलॉनच्या किंवा कठीण लाकडाच्या तुकड्यात ते घट्ट बसवा. स्पिंडलमधून आलेली पितळी नळी बेअरिंगच्या आतल्या कड्यात बसेल आणि फिरेल. बाहेरचा तुकडा आणि त्याला जोडलेली रबरी नळी स्थिर राहील. सीलमधून थोडी हवा गळते, ती पंप सांभाळून घेतो. नळी मात्र जाड, आत तारेचे कडे असलेली हवी. साधी नळी आतल्या पोकळीने चपटी होते आणि माणूस तासभर पंपाला शिव्या देत बसतो. पंपाच्या आधी स्कूटरला असतो तसा छोटा फिल्टर लावायला विसरू नका, नाहीतर भुसा पंपाचे आतडे खाईल.

पुढचा डबा म्हणजे पीव्हीसी पाइपाचा तुकडा. शेतातल्या पाइपलाइनचा जाड कपलर किंवा एंड कॅप उत्तम. फेसप्लेटवर जाड वॉटरप्रूफ प्लायची गोल चकती बसवा, मधोमध हवेचे भोक ठेवा आणि चकतीत खाच कातून पाइप त्यात पक्का चिकटवा. पाइपाचे तोंड लेथवरच कातून सरळ आणि गोल करा. प्लायच्या कडेतून हवा गळते, तिला दोन हात लॅकर मारा. तोंडाच्या कडेवर मऊ पट्टी हवी. इथे चांभाराकडे मिळणारा चपलेच्या तळव्याचा मऊ रबर नामी. त्याचे बुडबुडे बंद असतात, त्यातून हवा जात नाही. गादीचा फोम लावाल तर फसाल, तो चाळणीसारखा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची दोन नगे, कॉक आणि गेज. शाळेत गुरुजींनी केलेला प्रयोग आठवतो ना? पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळायचे, बूच लावायचे आणि वरून गार पाणी ओतायचे. डबा कसा कोणी ठोसे मारल्यासारखा चेपून जायचा! पातळ वाडग्याचे तेच होते. २५ सेंटिमीटरच्या तोंडाला अर्ध्या वातावरणाने २४५ किलोंचा भार पडतो, म्हणजे तीन-चार माणसे वाडग्यावर उभी राहिली असे समजा. तो फुटला तर बाहेरून नव्हे, आतल्या बाजूला फुटतो. म्हणून नळीवर एक छोटा पितळी कॉक ठेवायचा. तो थोडा उघडला की बाहेरची हवा आत शिरते आणि पकड ढिली होते. किती ढिली, ते गेजवर दिसते. गेज डोळ्यांसमोर हवे, पाठीमागे नको. बाकी सगळ्यात काटकसर करा, इथे नको.

हे मी छातीठोकपणे सांगतो, याला कारण आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक होतो. निवृत्तीनंतर घरच्या पडवीत लेथ मांडला आणि हौसेने ही पकड बनवली. पहिल्या बनावटीला गेज नव्हते, टाकी नव्हती. फणसाचा एक छान वाडगा शेवटच्या हातावर होता. लेथ थ्री फेजवर, पंप सिंगल फेजवर. एक फेज गेली. योगायोगाने पंपाची. पंप थांबला, पण लेथ उरलेल्या दोन फेजवर घुरघुरत फिरत राहिला. क्षणभर काय झाले ते कळलेच नाही. वाडगा सुटला, माझ्या कपाळाला चाटून गेला आणि पडवीच्या खांबावर फुटला. चार टाके पडले. दोन इंच खाली लागता तर आज हा लेख दुसऱ्याने लिहून घ्यावा लागला असता.

म्हणून, वाचकहो, ग्रामीण भागात ही पकड बनवताना आपल्या विजेचा स्वभाव आधी लक्षात घ्या. परदेशी पुस्तकात तो लिहिलेला नसतो. पंप आणि वाडगा यांच्यामध्ये एक छोटी लोखंडी टाकी ठेवा. पंक्चरवाल्याच्या जुन्या कॉम्प्रेसरची चालेल. घरगुती गॅसचा सिलिंडर मात्र कधीच कापू नका. तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि कापताना आत उरलेला वायू पेटतो. टाकी आणि पंप यांच्यामध्ये नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवा. विहिरीवरचा फूटवॉल्व्ह जसा पाणी मागे जाऊ देत नाही, तसा हा बाहेरची हवा पंपातून मागे शिरू देत नाही. पंप थांबला तरी लेथ थांबेपर्यंत टाकी पकड सांभाळते. दुसरे, वायरमनला सांगून लेथच्या स्टार्टरची कॉइल पंपाच्याच फेजवर घ्या. पंपाची वीज गेली की लेथही पडला पाहिजे. आणि शेतीपंपाला आपण लावतो तो ऑटो स्विच इथे लावाल तर खबरदार! वीज आल्याबरोबर लेथ आपोआप सुरू होणे म्हणजे संकटाला आवतण.

वापरण्याची रीतही सांगून ठेवतो. वाडगा डब्यावर टेकवा, बुंध्यावरच्या जुन्या मध्यखुणेत मागच्या सेंटरचे टोक लावा, मग पंप सुरू करा. गेज स्थिर होऊ द्या. काटा खाली घसरत असेल तर चीर शोधा. पातळ लॅकरचा हात किंवा कागदी चिकटपट्टी पुरते. वेग कमी ठेवा. सेंटर लावलेलेच असू द्या आणि जमेल तेवढा बुंधा उतरवा. अंगठ्याएवढा राहिला की मगच सेंटर मागे घ्या आणि हलक्या हाताने तो शेवटचा तुकडा काढा. डोळ्यांवर आणि तोंडावर जाळी नव्हे, पारदर्शक ढाल हवी. वाडग्याच्या रेषेत उभे राहू नका. लाकडात आरपार चीर असेल तर त्या वाडग्याला ही पकड नाही. त्याची खोबणच करा.

एवढे सांगून मूळ मुद्द्याकडे येतो. यातले एकही काम एकट्या कातारीच्या आवाक्यातले नाही, पण एकही काम गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही. शाफ्टला भोक पाडणारा टर्नर, कॉम्प्रेसर जाणणारा फ्रिजचा मेकॅनिक, स्टार्टर जोडणारा वायरमन, रबर देणारा चांभार, पाइप विकणारा शेतीसेवा दुकानदार, हे सगळे तालुक्याच्या गावी हाकेच्या अंतरावर असतात. ते एका टेबलाभोवती कधी बसत नाहीत, एवढेच. आणि आपले सरकारी खाते कारागिराला मदत करते म्हणजे काय करते? तयार वस्तू देते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहेत, बाहुल्या आणि खेळणी बनवणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. चांगली गोष्ट आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण पेटीतून मिळालेले अवजार बिघडले की ते पेटीतच परत जाते, हा मी आयुष्यभर पाहिलेला अनुभव आहे. जे आपण स्वतः जोडले, ते आपण स्वतः दुरुस्त करतो.

माझी सूचना साधी आहे. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टर्नर, वीजतंत्री आणि रेफ्रिजरेशन मेकॅनिक हे व्यवसाय शिकवले जातात. जिथे हे तिन्ही आहेत, तिथल्या मुलांना एका सत्रात मिळून एक हवेची पकड बनवायला सांगा, आणि ती संस्थेच्या कपाटात न ठेवता जवळच्या कातारीच्या लेथवर बसवून द्या. मुलांना खरे काम मिळेल, कातारीला यंत्र मिळेल, आणि बिघडले तर कोणाकडे जायचे तेही कळेल. पाच-सहा कातारींनी एकत्र येऊन एका ठिकाणी एक पंप बसवला आणि आळीपाळीने वाडग्यांचे तळ उरकले, तरी भागेल. तळ कातायला नगामागे फार वेळ लागत नाही.

कोणी म्हणेल, एका तळासाठी एवढा खटाटोप? मी उलट विचारतो. आपली मुले हा धंदा सोडून गोव्याला नोकरीला का जातात? हातात कला नाही म्हणून नाही. कलेचे दाम शेवटच्या चार बोटांवर कापले जाते म्हणून. ती चार बोटे भरून निघत असतील, तर भंगारातला पंप आणि चपलेचा रबर यांत कमीपणा कसला?

तेव्हा चितार आळीत गेलात की वाडगा जरूर उलटा करून बघा. टिकली दिसली तर दुकानदाराशी घासाघीस करू नका. कातारीचे नाव विचारा आणि हा अंक त्याच्याकडे पोचवा. आणि तळ गुळगुळीत, त्यावर कातारीची सही कोरलेली दिसली, तर सांगेल ती किंमत देऊन टाका. त्या सहीसाठी त्याने पुष्कळ केलेले असते.